साखरेचे चक्र



आम्ही दोघी जावा. अंबडला आमच्या वस्तीत एकाच घरात राहतो आणि स्वयंपाकाच्या ओट्यावरच केक करून विकतो. दोघींपैकी कोण काय म्हणाली, कोणाच्या हातून काय बिघडले, हे वेगवेगळे सांगण्यात अर्थ नाही. बिघडले ते दोघींच्या हातून आणि साधले तेही दोघींच्या, म्हणून ‘आम्ही’ असेच लिहितो.

२०१९ च्या १३ एप्रिलची रात्र. विहारासमोर मांडव, निळ्या पताका, लेकरे झोपायला तयार नाहीत. बारा वाजता वंदना होऊन जयंतीचा केक कापायचा होता. केक आम्ही केलेला, पाच किलोचा, आणि त्यावर मागच्या बाजूला उभे केलेले चोवीस आऱ्यांचे निळे अशोकचक्र, साखरेचे. दुपारी ते ताठ होते. रात्री पावणेबाराला टेबलावर ठेवले तेव्हाही ठीक होते. त्रिसरण-पंचशील सुरू झाले आणि आमच्या डोळ्यांदेखत चक्राने हळूहळू मान टाकली. आधी वरचा काठ पुढे झुकला, मग दोन आरे सुटले, आणि शेवटचे साधू साधू साधू म्हणेपर्यंत चक्र क्रीममध्ये पालथे पडलेले. पुढच्या रांगेतले एक लेकरू ओरडले, “मावशे, चक्र झोपलं!” लेकरे हसली. मोठी माणसे हसली नाहीत, त्याचे आम्हाला जास्त लागले. क्रीमवर निळे ओघळ गेले होते. कोणीतरी ते चक्र चमच्याने खरवडून काढले.

घरी आलो तर सासूबाई जाग्याच होत्या. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारले, “पाडव्याची गाठी महिना महिना कडक ऱ्हाती. ती बी साखरच. मग तुमचं चक्र का वाकलं गं बायांनो?”

या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. ते मिळायला दोन-तीन वर्षे गेली.

आधी हे सांगायला हवे की चक्र कडकच हवे असा आमचा हट्ट का. त्याच्या आदल्या वर्षी, २०१८ ला, वस्तीने बाहेरून केक आणला होता. त्यावर बाबासाहेबांचा फोटो छापलेला. खायच्या कागदावर खायच्या शाईने छापतात तसा. फोटो सुरेख होता. पण सुरी हातात घेतल्यावर वस्तीतल्या एका म्हाताऱ्या बाबांनी हात धरला. म्हणाले, “बापाच्या तोंडावर सुरी फिरवता का रे?” सगळे गप्प झाले. मग कडेकडेने कापायचे ठरले. कडा संपल्या, मधला फोटोचा चौकोन तेवढा राहिला. तो खायचा कोणी? टाकायचा कोणी? एका घरच्या फ्रीजमध्ये तो चार दिवस होता. पाचव्या दिवशी घरातल्या बाईने तो कडुलिंबाच्या बुडाशी पुरला, हे तिने आम्हाला पुष्कळ दिवसांनी सांगितले.

त्या वेळी आम्ही नुकत्याच केक शिकलो होतो. आम्ही म्हटले, फोटो नको. साखरेचे चक्र करू, संविधानाचे पुस्तक करू, पिंपळाचे पान करू, आणि सुरी लावायच्या आधी ते अख्खे उचलून बाजूला ठेवू. मेणबत्त्याही फुंकायच्या नाहीत, पेटवून ठेवायच्या, हेही तेव्हाच ठरले. पण अख्खे उचलायचे म्हणजे ते उचलण्याजोगे कडक पाहिजे. बाकीच्यांच्या केकवरचे फूल थोडे मऊ राहिले तर बिघडत नाही, त्यावरून सुरीच फिरणार असते. आमच्या चक्रावरून सुरी फिरायची नव्हती.

आता चूक काय झाली ते सांगतो, कारण तीच चूक आणखी कोणी करू नये. एप्रिलमध्ये अंबडचा पारा चाळिशीला टेकतो. हवा अशी कोरडी की धुतलेली साडी तासाभरात वाळते. आम्ही चक्र लाटले, कापले आणि लवकर वाळावे म्हणून रात्रभर कूलरसमोर ठेवले. वारा लागला की वाळते, एवढेच आम्हाला ठाऊक. पण कूलरचा वारा म्हणजे भिजलेल्या गवतातून आलेला वारा. आपल्याला गार वाटतो तो त्यातल्या पाण्यामुळेच. साखर ते पाणी रात्रभर ओढत राहिली. सकाळी चक्र वरून कोरडे लागले, आतून ओलेच होते. त्यानंतर केक फ्रीजमध्ये ठेवला तो चक्रासकट. फ्रीजमधून गार वस्तू बाहेर काढली की तिच्यावर दव धरते, हे पाण्याच्या बाटलीवर रोज पाहतो, पण चक्राच्या वेळी कोणाच्या लक्षात आले नाही. मांडवातल्या दिव्यांखाली त्या दवाचे पाणी झाले. बाकीचे काम क्रीमने केले.

म्हणजे बाहेर चाळीस डिग्रीचा कोरडा उन्हाळा असताना आम्ही पैसे मोजून चक्राला ओल पुरवली! साधा छताचा पंखा लावून बंद खोलीत ठेवले असते तर एका रात्रीत निम्मे काम झाले असते.

गाठीचे उत्तरही तिथेच होते. गाठीत साखर आणि पाणी. पाक कडक होईपर्यंत आटवतात, लाकडी साच्यात दोरा घालून ओततात. पाणी भट्टीवरच उडून गेलेले असते, मागे राहतात ते साखरेचे दाणे, एकमेकांना घट्ट धरून. आमची साखरेची कणीक तशी नाही. ती कच्ची. पिठीसाखर अर्धा किलो, दोन चहाचे चमचे जिलेटिन दोन मोठे चमचे पाण्यात भिजवून विरघळवलेले, दोन-तीन मोठे चमचे घट्ट ग्लुकोज, थोडे डालडा आणि चमचा-दीड चमचा ग्लिसरीन. यातले ग्लिसरीन घालतात ते कणीक मऊ राहावी म्हणूनच. हवेतली ओल ओढून धरणे हाच त्याचा गुण. केक झाकायच्या कणकेला ते हवे, नाहीतर भेगा पडतात. पण उभे राहायच्या चक्रात आम्ही तेच घालून ठेवले होते आणि वर ते वाळत का नाही म्हणून रडत होतो.

ग्लिसरीन काढले. त्याच्या जागी सीएमसी नावाची पांढरी पावडर घातली, तिला टायलोजही म्हणतात. केकच्या सामानाच्या दुकानात छोट्या डबीत मिळते. पाव किलो कणकेला एक सपाट चहाचा चमचा. मळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून रात्रभर ठेवायची, लगेच लाटायची नाही. सकाळी हाताला फरक कळतो, कणीक ताणली तर तुटत नाही, रबरासारखी परत येते. हीच पावडर चिमूटभर पाण्यात भिजवली की डिंक तयार, आरे चिकटवायला. पूर्वी यासाठी कतिऱ्याचा डिंक वापरत. आम्ही तोही करून पाहिला, पण घरच्या मिक्सरवर त्याची वस्त्रगाळ पूड होईना आणि कणकेत बारीक खडे राहिले.

जिलेटिनचे मात्र एक सांगायचे आहे. ते जनावराच्या हाडा-कातड्यापासून करतात. गावातून ऑर्डर येते तेव्हा पहिला प्रश्न असतो, “अंडं नाही ना?” नाही म्हटले की समाधान. जिलेटिनचे कोणी विचारत नाही. ज्या हाडा-कातड्याचे काम आपल्या आज्या-पणज्यांच्या माथी मारले आणि त्यासाठी त्यांना वेशीबाहेर ठेवले, तेच शुद्ध होऊन लग्नाच्या केकवर चढून बसले आहे. आम्हाला याचे हसू येते, पण फसवून खाऊ घालणे आम्हाला पटत नाही. म्हणून आम्ही आधीच सांगतो, आणि शाकाहारी हवे असेल त्याला जिलेटिनशिवाय, चायना ग्रास आणि सीएमसी घालून करून देतो. सीएमसी झाडपाल्यातल्या तंतूंपासून होते.

२०२० ची जयंती लॉकडाऊनमुळे घराघरात झाली. बाबासाहेबांच्या फोटोसमोर मेणबत्त्या लावल्या, दारात निळा झेंडा लावला. मांडव नाही, ऑर्डरी नाहीत. २०२१ लाही तीच गत. घरातली मिळकत आटली होती, पण पिठीसाखरेचे दोन पुडे शिल्लक होते आणि वेळ भरपूर होता. आम्ही त्यात सराव केला.

कोरड्या हवेचा दुसरा त्रास तेव्हा कळला. लाटता लाटताच कणीक वाळते आणि तिच्यावर म्हाताऱ्या माणसाच्या कातडीसारख्या सुरकुत्या पडतात. म्हणून एका वेळी सहाच आरे कापायचे, बाकीची कणीक पिशवीत. बोटांना डालड्याचे बोट, पोळपाटाला मक्याचे पीठ. चोवीस आरे एकदम कापून ठेवले की शेवटचे सहा चिकटवताना तुटणारच. वाळवायला ताट घेऊ नये. ताटाला चिकटलेली बाजू ओलीच राहते आणि वरची बाजू वाळून आक्रसली की कडा वर उचलतात, चक्राचे ताटली होते. आम्ही पिठाची चाळण उपडी करतो, तिच्यावर बटर पेपरचा तुकडा, त्याला सुईने भोके पाडलेली. वरून पंखा. तीन-चार तासांनी उलटायचे, हलक्या हाताने. उन्हात ठेवायचे नाही, रंग उडतो आणि वरची साल तेवढी कडक होते. पुठ्ठ्याएवढी जाड वस्तू आमच्या एप्रिलमध्ये दोन रात्रींत वाळते. बोटाएवढे जाड पुस्तक असेल तर चार-पाच दिवस धरा. वाळले की नाही हे नखाने टिचकी मारून कळते. मातीच्या पणतीसारखा आवाज आला की झाले.

रंगाचे कोडे आमच्या धाकट्या मुलाने सोडवले. गडद निळा येण्यासाठी आम्ही अर्धी बाटली रंग ओतायचो. तो रंग पाणी-ग्लिसरीनमधलाच, म्हणजे एका हाताने काढलेली ओल दुसऱ्या हाताने परत. शिवाय तोच क्रीमवर ओघळतो. आम्ही त्यावर भांडत असताना मुलगा दारातल्या झेंड्याकडे बोट दाखवून म्हणाला, “आपल्या झेंड्यावर चक्र पांढरं हे ना? निळं तर कापड हे.” आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. इतक्या वर्षांत रोज झेंडा पाहतो. चक्र पांढरेच करायचे, निळा रंग खालच्या पुठ्ठ्याला! पुठ्ठ्यावर निळा चकचकीत कागद लावला, वर पांढरे चक्र. दोन वर्षांचा घोर तिथे मिटला.

मधल्या काळात एक गोष्ट झाली, ती लिहावी की नाही यावर आमचे दोघींचे एकमत नव्हते. शेवटी लिहायचे ठरले. गावातल्या एका घरून मुलीच्या पहिल्या वाढदिवसाची ऑर्डर आली. मोबाइलवर आमच्या फुलांचे फोटो पाहून आली होती. गुलाबी-पांढरी बारा फुले हवी होती. पावसाळा संपत आला होता, हवेत ओल होती, तरी आम्ही आठ दिवस आधी सुरुवात करून ती वाळवली. पाकळ्यांना बाक यावा म्हणून चमच्यांच्या वाट्यांत वाळत घातली. पत्ता विचारायला फोन आला तेव्हा आम्ही वस्तीचे नाव सांगितले. पलीकडे जरा वेळ आवाज नाही. मग, “सांगते नंतर.” संध्याकाळी निरोप आला की घरात अडचण आली आहे, केक नको. असेलही अडचण. पण त्या दिवशी त्यांच्या घरी दुसरीकडचा केक कापला गेला, हे आम्हाला कळायचे ते कळलेच.

सासूबाईंना आम्ही सांगितले नव्हते, तरी त्यांनी ओळखले. त्यांनी उमेदीची वर्षे ऊसतोडीत घालवलेली. मुकादमाची उचल घ्यायची आणि दिवाळी झाली की टोळीबरोबर निघायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यांचे मोळ्या वाहून डोक्यावरचे केस विरळ झालेले आहेत. आता आमच्याच तालुक्यात अंकुशनगरला साखर कारखाना आहे, पण त्या गेल्या त्या लांब, पश्चिमेकडच्या कारखान्यांवर. त्या म्हणाल्या, “मह्या हातानं तोडलेल्या उसाची साखर त्यायनी खाल्ली. तवा कोणी इचारलं नाही, हात कोणाचा म्हणून.”

आम्हाला तेव्हा चकवाऱ्याची आठवण झाली. बाबासाहेबांनी ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ मध्ये १९३६ सालची ती घटना सांगितली आहे. जयपूर संस्थानातल्या चकवारा गावी तीर्थयात्रेहून आलेल्या एका अस्पृश्य माणसाने आपल्याच लोकांना जेवण घातले, आणि जेवणात तूप वाढले. एवढ्यासाठी गावातले लोक लाठ्या घेऊन पंगतीवर चालून आले. तूप त्यांचे, पैसा त्यांचा, जेवणारेही त्यांचेच. तरी तूप खाल्ले हा गुन्हा. वाढदिवसाचा केक नाकारणे त्यापुढे किती लहान, हे आम्हाला समजते. लाठी नाही, शिवी नाही, नुसते “सांगते नंतर”. पण बारा फुले ओट्यावर तशीच मांडलेली होती आणि त्यांच्याकडे बघवत नव्हते.

ती फुले टाकली नाहीत. पुठ्ठ्याच्या खोक्यात टिश्यू कागद घालून ठेवली. प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवू नका. वस्तू जराही कच्ची असेल तर आतली ओल आतच कोंडते. नव्या चपलांच्या खोक्यात निघणाऱ्या सिलिकाच्या पुड्या आम्ही जमवतो. त्यातल्या दोन, न फाटलेल्या, कोपऱ्यात चिकटवल्या. मुंग्यांपासून वाचवायला खोके पत्र्याखालच्या पाइपाला दोरीने टांगले. ३ जानेवारीला सावित्रीमाईंची जयंती आली तेव्हा खोके उघडले. बाराच्या बारा फुले जशीच्या तशी, टिचकी मारली की वाजणारी. महिला मंडळाच्या केकवर ती लावली. शाळेतल्या मुलींनी एकेक उचलून घेतले. केकवरची आमची फुले इतकी चांगली कधी वाळली नव्हती, हेही खरेच.

त्या घरून पुन्हा फोन आला नाही. दुसऱ्या घरांतून येतात. काही जण दारात येऊन घेऊन जातात, चहाही घेतात. एक बाई मात्र दर वेळी बसस्टँडवर आणून द्या म्हणतात. आम्ही नेऊन देतो. पैसे आधी घेतो.

२०२२ ला मांडव पुन्हा पडला. या वेळी चक्र उभे केले नाही, आडवेच ठेवले. मागच्या बाजूला पांढऱ्या चॉकलेटचा पातळ थर पुसला होता, म्हणजे क्रीमची ओल वर चढत नाही. तो निळा पुठ्ठा केकमध्ये रोवलेल्या चार जाड स्ट्रॉच्या तुकड्यांवर टेकवला, क्रीमपासून बोटभर उंच. केक फ्रीजमध्ये, चक्र खोक्यात. खोके आमच्या मांडीवर. बाराला पाच मिनिटे असताना ते केकवर ठेवले. वंदना संपली, आम्ही दोघींनी दोन बाजूंनी पुठ्ठा धरला आणि चक्र अख्खे उचलले. २०१८ ला हात धरणारे ते बाबा समोरच होते. त्यांनी चक्राकडे पाहून मान हलवली आणि सुरी लेकरांच्या हाती दिली.

पण त्या वर्षीही शेवट चांगला झाला नाही. चक्र विहारात टेबलावर ठेवले. लोक येऊन बघत. मे महिनाभर ते दगडासारखे होते. जूनमध्ये मृगाचा पाऊस पडला आणि आठ दिवसांत चक्राला पाझर फुटला. टेबलावर पाक, पाकात मुंग्यांची रांग. विहार झाडणारी आजी आमच्या दारात येऊन म्हणाली, “ते तुमचं चक्र मुंग्यायनी नेलं.” पावसाळ्यात गाठीसुद्धा चिकट होते, मग आमच्या कणकेचे काय?

मग काय करायचे यावर वस्तीत बैठक बसली. काच लावून ठेवू, असे एक म्हणाले. कोणी म्हणाले, खाऊन टाकू. चक्र मोडायचे कसे, असेही कोणी म्हणाले. त्यावर तेच बाबा म्हणाले की मुंग्यांनी खाल्लेले चालते, तर लेकरांनी खाल्लेले का चालू नये. काही जणांना ते आजही पटलेले नाही, आणि त्यांच्याशी आम्ही वाद घालत नाही.

तेव्हापासून १४ एप्रिलच्या सकाळी, झेंडावंदन झाल्यावर, चक्र लेकरांत वाटतात. आरे चोवीस आणि लेकरे साठ-सत्तर, म्हणून आता आम्ही सुटे आरेही वाळवून ठेवतो. पहिल्या सकाळी एक तुकडा सासूबाईंच्या हातावर ठेवला. दात कमी झालेत, त्यांनी तो दाढेखाली धरला. कट्ट असा आवाज आला.

“आता झालं गाठीवानी,” त्या म्हणाल्या, आणि अजून एक मागितला.